चिटणीस: एका दरखाचे आडनाव

महाराष्ट्रातील आडनावांचा इतिहास कोणी साक्षेपाने लिहावयास घेतला, तर त्याचा पहिला आणि सर्वांत मोठा खंड गावांना, दुसरा धंद्यांना आणि तिसरा राजसेवेतील हुद्द्यांना द्यावा लागेल. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून सिद्ध झालेली आडनावे घरोघर आढळतात. सोनार, सुतार, कुंभार ही आडनावे हातातल्या कसबाची ओळख देतात. परंतु फडणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस, वाकनीस आणि चिटणीस ही जी एक छोटी मालिका आहे, ती ज्या घरांत वसली ती घरे मोजकी, आणि त्यांतील प्रत्येक नावाच्या मागे एखादे दफ्तर, एखादी सनद आणि धन्याच्या कृपेचा व कोपाचा कित्येक पिढ्यांचा वृत्तांत उभा असतो. या मालिकेतील चिटणीस हे आडनाव इतिहासात, ललित वाङ्मयात आणि वर्तमानपत्रात अशा तीनही ठिकाणी भेटते, आणि तिन्ही ठिकाणी त्याच्याबरोबर एकच प्रश्न येतो: ज्याच्या हाती राज्याची लेखणी दिली, त्याने ती कशी चालवली?

हा हुद्दा कोणत्या व्यवस्थेतून निर्माण झाला ते प्रथम पाहिले पाहिजे. स्वराज्यापूर्वी दख्खनवर निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही अशा ज्या पातशाह्या नांदल्या, त्यांच्या दरबाराची भाषा फारसी होती. गावच्या आणि परगण्याच्या पातळीवर मात्र कुळकर्णी, देशपांडे यांचे हिशेब, महजर आणि निवाडे मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात. या दोन थरांच्या मध्ये जो कारकून वर्ग उभा होता, त्याला दोन्ही भाषांची रीत ठाऊक असावी लागे, आणि त्यामुळे त्याच्या लेखणीतून उतरणारी मराठीही फारसी वळणाची असे. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या काळातील आज्ञापत्रे ‘अज रख्तखाने’ या फारसी मायन्याने उघडतात, त्यांवर सुहूर सन आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र घातलेला असतो, आणि मजकूर मात्र मावळातल्या देशमुखाला किंवा पाटलाला सहज समजावा असा मराठी असतो. अशा पत्रांचा मसुदा करणे, आलेल्या पत्राचा मतलब धन्यापुढे ठेवणे, त्याच्या उत्तराचा आशय मनात धरून ते योग्य मायन्याने, योग्य मर्यादेने आणि निःसंदिग्ध शब्दांत कागदावर उतरवणे, हे चिटणिसाचे काम होते.

हे काम वरवर पाहता लेखनिकाचे वाटेल. परंतु त्या काळच्या राजकारणात पत्राचा मायना हाच अर्धा मजकूर असे. कोणाला ‘राजश्री’ लिहावयाचे, कोणाला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य’ असे संबोधावयाचे, कोणाला आशीर्वाद, कोणाला दंडवत आणि कोणाला केवळ आज्ञा लिहावयाची, यावरून पत्र घेणाराची पायरी ठरे, आणि एका विशेषणाच्या न्यूनाधिक्याने एखादा सरदार रुष्ट होऊन शत्रूकडे जाण्याचा संभव असे. पत्र सिद्ध झाले की त्यावर मुद्रा होई, अखेरीस मोर्तब होई, आणि निरनिराळ्या दफ्तरांतून त्याची बारनिशी, म्हणजे नोंद, होऊन मगच ते जासुदाच्या हाती पडे. १६७४ नंतरच्या व्यवस्थेत राजपत्रांचा मजकूर तपासून शुद्ध करण्याची जबाबदारी सचिवांची होती. परंतु धन्याच्या मुखातील शब्द प्रथम ऐकून त्याला रूप देणारा मनुष्य चिटणीसच होता, आणि म्हणून राज्याची अनेक गुपिते प्रधानांच्याही आधी त्याच्या कानी पडत.

पुढे पेशवाईत ही व्यवस्था अधिक बांधेसूद झाली. प्रांतावर, किल्ल्यावर किंवा सरदाराच्या पथकाबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस असे दरखदार नेमले जात. मुजुमदाराने हिशेब पाहावा, फडणिसाने रोजकीर्द राखावी, सबनिसाने शिपायांची हजिरी घ्यावी, कारखानिसाने धान्याचे व सामानाचे कोठार सांभाळावे, पोतनिसाने रोकड जपावी, जामदाराने जडजवाहीर व मौल्यवान वस्तू ठेवाव्या आणि चिटणिसाने पत्रव्यवहार चालवावा, अशी ती वाटणी होती. या दरखदारांची नेमणूक हुजुरातून होत असल्यामुळे मामलेदाराला अगर सरदाराला त्यांना मनास येईल तसे काढून टाकता येत नसे. एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर राहावी आणि सत्ता एका हाती एकवटू नये, हे त्यामागचे धोरण. दरख, म्हणजे हा हुद्दा, वंशपरंपरेने चालू लागला, बापाच्या जागी मुलगा बसू लागला, लोक त्या घराला हुद्द्याच्याच नावाने ओळखू लागले, आणि दोन-तीन पिढ्यांत हुद्द्याचे नाव घराचे झाले. प्रत्येक दरबाराला आपला चिटणीस लागत असल्यामुळे हे आडनाव कोण्या एकाच कुळाचे किंवा एकाच ज्ञातीचे राहिले नाही. तथापि या नावाला जी ऐतिहासिक प्रतिष्ठा लाभली, ती मुख्यतः एका घराण्यामुळे, आणि त्या घराण्याचे मूळ आडनाव चिटणीस नव्हते, चित्रे होते.

बाळाजी आवजी चित्रे हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील, जंजिऱ्याच्या मुलखातील. त्यांच्या बालपणाची जी हकीकत घराण्याच्या परंपरेने जतन केली आहे, ती अशी की वडील आवजी हरी हे जंजिऱ्याच्या हबशाच्या सेवेत मोठ्या अधिकारावर असता धन्याची मर्जी फिरली, त्यांना समुद्रात बुडवून मारण्यात आले, आणि विधवा पत्नीस तीन मुलांसह विकण्याकरिता गलबतावर चढवण्यात आले. दैवयोगाने ते गलबत राजापूरच्या बंदराला लागले, तेथे त्या माउलीचा भाऊ होता, त्याने द्रव्य देऊन बहीण व भाचे सोडवून घेतले, आणि पुढे त्यांतील वडील मुलाचे मोत्यासारखे अक्षर महाराजांच्या दृष्टीस पडून त्याचा स्वराज्याच्या सेवेत प्रवेश झाला. यातील तपशिलाचा भाग परंपरेचा आहे. परंतु बाळाजी आवजी महाराजांचे विश्वासू चिटणीस होते, याविषयी कोणाचे दुमत नाही.

त्यांच्या कर्तबगारीची जी आख्यायिका शाळकरी मुलांनाही माहीत असते, तीत महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र त्याच दिवशी लिहून आणण्यास सांगितले असता इतर कामांच्या गर्दीत ते राहून गेले, रात्री विचारणा होताच बाळाजींनी कोरा कागद समोर धरून संपूर्ण पत्र वाचून दाखवले, आणि ते पुन्हा वाचण्याची आज्ञा होताच दुसऱ्यांदाही त्यात अक्षराचा फरक पडला नाही, असे सांगितले जाते. ही कथा घडली असो वा नसो, चिटणिसाकडून त्या काळाला काय अपेक्षित होते हे तीत अचूक उतरले आहे. धन्याच्या मनातील आशय ज्याच्या मनात अक्षरशः ठसलेला असतो, तो चिटणीस, असे ती सांगते. मोडीच्या लेखनात ‘चिटणिशी’ नावाचे एक वळण पुढे दीर्घकाळ प्रमाण मानले गेले, यावरून या दरखाने राज्याप्रमाणे लिपीलाही शिस्त लावली हे दिसते.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या प्रसंगी नावांच्या बाबतीत एक अपूर्व घटना घडली. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला, डबीर सुमंत झाला आणि सरनोबत सेनापती झाला. राज्याभिषेक शक सुरू झाला, आणि दफ्तरात रुळलेल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथ पंडितांच्या देखरेखीखाली सिद्ध करण्यात आला. हा केवळ शब्दांचा हौसेने केलेला पालट नव्हता. आपले राज्य सार्वभौम आहे आणि त्याची वाणीही स्वतःची आहे, ही घोषणा त्यामागे होती. त्या वेळी बाळाजींना अष्टप्रधानांत स्थान देऊ केले असता त्यांनी ते न स्वीकारता चिटणिशीच आपल्या वंशात अक्षय चालावी एवढेच मागितले, असे घराण्याची परंपरा सांगते. परिणाम असा झाला की अष्टप्रधानांच्या पदव्या संस्कृत झाल्या, परंतु चिटणीस हा चिटणीसच राहिला.

येथे घराच्या नावाची आणि दरबाराच्या नावाची गती कशी भिन्न असते, हे लक्षात येते. राजाने आज्ञा केली, कोश रचला, मुद्रा बदलल्या, आणि एका समारंभात पदव्यांचे रूप पालटले. परंतु ज्या घरांत मुजुमदारी किंवा डबिरी होती, त्या घरांना शेजारी-पाजारी, सोयरे-धायरे आणि गावचे बलुतेदार ज्या नावाने ओळखत होते, ते नाव जुनेच राहिले. म्हणून आज साडेतीनशे वर्षांनंतरही मुजुमदार आहेत, डबीर आहेत, वाकनीस आहेत. बावड्याचे अमात्य आणि भोरचे सचिव यांच्या घराण्यांनी नव्या पदव्या मिरवल्या हे खरे. तथापि राज्याने जे शब्द दफ्तरातून काढू म्हटले, ते प्रजेच्या दारावरच्या नावांनी जपले, आणि आज त्या कारभाराचा शोध घेणाराला ही आडनावे एखाद्या अस्सल कागदासारखी उपयोगी पडतात.

महाराजांच्या निधनानंतर, १६८१ साली, या घरावर मोठी आपत्ती ओढवली. संभाजी महाराजांविरुद्ध कट झाला, औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याने आपल्याकडे आलेल्या संधानाची खबर छत्रपतींना दिली, आणि अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांच्याबरोबर बाळाजी आवजी आणि त्यांचे पुत्र आवजी यांनाही देहान्त शासन झाले. बाळाजी खरोखर कटात सामील होते, की ज्या पत्राने हे सर्व उघडकीस आले ते त्यांच्या नावावर लादले गेले होते, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. ज्याच्या हाती राज्याचे सारे पत्र लिहिणे होते त्याचा अंत एका पत्राच्या निमित्ताने व्हावा, यात त्या दरखाची जोखीम स्पष्ट होते. येसूबाईंनी या शिक्षेबद्दल पतीला खेदाचे शब्द ऐकवले आणि मृत चिटणिसांच्या धाकट्या मुलांना पुन्हा आश्रय मिळाला, असे परंपरा सांगते.

त्या मुलांपैकी खंडो बल्लाळ हे नाव मराठ्यांच्या इतिहासात आदराने घेतले जाते, आणि ते सर्वस्वी योग्य आहे. ज्या छत्रपतींच्या आज्ञेने वडील आणि भाऊ मारले गेले, त्यांचीच सेवा या पुरुषाने निष्ठेने केली. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांनी पोर्तुगीजांवर चढाई करून गोव्यानजीकचे जुवे बेट घेतले, त्या मोहिमेत भरतीच्या पाण्यात घोडा घालून पुढे जाऊ पाहणाऱ्या छत्रपतींना खंडो बल्लाळांनी प्राण पणाला लावून वाचवले, अशी हकीकत बखरीत आहे. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाल्यावर राजाराम महाराज वेष पालटून जिंजीकडे निघाले, तेव्हाही खंडो बल्लाळ त्यांच्या समवेत होते. बंगळूरच्या मुक्कामी संशय येऊन मोगलांनी पकड केली असता त्यांनी धन्याला पुढे काढून दिले, स्वतः मागे राहून मार सोसला, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

त्यांच्या त्यागाची परिसीमा जिंजीच्या वेढ्यात झाली. झुल्फिकारखानाच्या वेढ्यातून राजाराम महाराजांची सुटका करावयाची तर मोगलांच्या छावणीत असलेल्या मराठे सरदारांचे साह्य हवे होते. त्यांत येसूबाईंचे बंधू गणोजी शिर्के होते, आणि साह्याच्या बदल्यात त्यांनी दाभोळचे वतन मागितले, जे खंडो बल्लाळांकडे होते. वतन म्हणजे त्या काळी अन्न, मान आणि पुढच्या पिढ्यांचा आधार. त्यासाठी भाऊ भावाचा गळा कापी आणि घराणी शतकभर कज्जे चालवीत. ते वतन खंडो बल्लाळांनी धन्याच्या प्राणासाठी सोडून दिले. १६९८ च्या आरंभी जिंजी पडली तेव्हा छत्रपती तेथून निसटले होते, आणि स्वराज्याचा लढा पुढे चालू राहिला. पुढे खंडो बल्लाळ शाहू महाराजांच्या पक्षाला मिळाले, त्यांचे पुत्र गोविंदराव हे शाहू महाराजांच्या अत्यंत विश्वासातले चिटणीस झाले, आणि सत्ता पुण्यास पेशव्यांच्या हाती गेल्यावरही साताऱ्यास छत्रपतींचे दफ्तर या घराकडे राहिले.

या दफ्तराशेजारी वाढलेल्या मल्हार रामराव चिटणीस यांच्यापाशी या घराण्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रश्न उभा राहतो. १८१० च्या सुमारास त्यांनी शिवछत्रपतींचे सप्तप्रकरणात्मक चरित्र लिहिले, पुढील छत्रपतींच्या बखरी लिहिल्या, ‘राजनीति’ नावाचा ग्रंथही रचला. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासासाठी या सामग्रीचा उपयोग केला, पुढे काशिनाथ नारायण साने यांनी बखरी छापून वाचकांपुढे आणल्या, आणि एकोणिसाव्या शतकातील शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात शिवकालाचे जे चित्र तयार झाले त्याच्या कित्येक रेषा याच लेखणीच्या होत्या. पूर्वजांनी राज्याची पत्रे लिहिली. वंशजाने राज्याची कथा लिहिली.

त्या कथेत संभाजी महाराजांचे चित्र काळे उतरले. क्रोधी, व्यसनाधीन, कलुषा या सल्लागाराच्या आहारी गेलेला, वडिलांच्या पुण्याईचा नाश करणारा असा जो संभाजी पुढे शंभर वर्षे मराठी मनात वावरला, त्याच्या घडणीत या बखरीचा मोठा वाटा आहे. वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रांचा दीर्घ शोध घेऊन १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ त्यानंतर आला, आणि या अभ्यासकांनी तत्कालीन पुराव्याच्या कसोटीला लावून त्या चित्राचा बराच भाग खोटा ठरवला. बखर संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. लिहिणारा ज्यांना देहान्त शासन झाले त्यांचा वंशज. तेव्हा कुळाच्या जुन्या दुःखाने लेखणी कलुषित झाली, असा आक्षेप घेण्यात आला, आणि तो सहज बाजूला सारता येण्यासारखा नाही. त्याबरोबर हेही नमूद केले पाहिजे की त्या काळच्या बखरकाराजवळ इतिहासाचे आजचे शास्त्र नव्हते, ऐकीव कथा आणि अस्सल कागद यांत भेद करण्याची रीत रूढ नव्हती, आणि खंडो बल्लाळांनी त्याच संभाजी महाराजांसाठी प्राण संकटात घातल्याची हकीकतही याच परंपरेने सांभाळली. माझे मत असे की मल्हार रामरावांच्या हेतूबद्दल निर्णय देण्यापेक्षा त्यांच्या स्थानाकडे पाहावे: ज्याच्या घरात दफ्तर असते, त्याचा शब्द लोक पुराव्यावाचून खरा मानतात, आणि म्हणून त्याच्यावर पुराव्याचे ओझे इतरांहून अधिक असते. ते ओझे या बखरीने पुरते वाहिले नाही.

बखरीतून हे चित्र रंगभूमीवर आणि कादंबरीत गेले. राम गणेश गडकरी यांचे ‘राजसंन्यास’ हे नाटक १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. त्यातील संभाजी हा तेजस्वी असूनही विलासाने आत्मघात ओढवून घेणारा राजा आहे, आणि त्याच्यामागे बखरीतून आलेल्या समजुतीची छाया स्पष्ट दिसते. शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ या १९७९ च्या कादंबरीने आणि पुढे विश्वास पाटील यांच्या ‘संभाजी’ने नव्या संशोधनाच्या आधारे पराक्रमी, विद्वान आणि अन्यायग्रस्त असा राजा उभा केला, त्या कथानकांत खंडो बल्लाळ हे सच्च्या सेवकाच्या रूपाने येतात आणि त्यांच्या वडिलांचा अंत हा राजाच्या आयुष्यातील एक दारुण प्रसंग म्हणून येतो. ज्या आडनावाच्या लेखकाने एक संभाजी निर्माण केला, त्याच आडनावाचा पुरुष दुसऱ्या संभाजीच्या कथेत निष्ठेचा आदर्श ठरला. ललित वाङ्मयात एखाद्या घराण्याचे असे दुहेरी प्रतिबिंब क्वचितच पडले असेल.

आणि ही केवळ ग्रंथांतली गोष्ट राहिली नाही. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा ‘राजसंन्यास’मधील चित्रणाच्या रागाने उखडून नदीत टाकण्यात आला. २०२५ साली ‘छावा’ कादंबरीवरून निघालेला हिंदी चित्रपट देशभर गाजला, तेव्हा त्यात गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर दाखवल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. ज्या गणोजींना खंडो बल्लाळांनी दाभोळचे वतन दिले, त्यांच्याच नावाचा हा वाद. आपल्याकडे आडनाव ही अजून जिवंत मालमत्ता आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाचे कृत्य आजच्या वंशजाला आपल्या अंगावरचे वाटते, आणि म्हणून नाटककाराने, कादंबरीकाराने किंवा चित्रपटकाराने खरे आडनाव उच्चारले की तो एका जिवंत घराच्या दारात उभा असतो. पुतळा फोडणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. कल्पित लेखनाला त्याच्या काळाच्या ज्ञानाची मर्यादा असते, ती समजून घ्यावी लागते. परंतु हरकत घेणाराची वेदनाही खोटी नसते.

पेशवाई बुडाल्यावर चिटणीस या शब्दाला नवा संसार मिळाला. मुंबई इलाख्यातील कलेक्टर कचेरीत देशी भाषेतील पत्रव्यवहार पाहणाऱ्या अव्वल कारकुनाला चिटणीस म्हणत, आणि महसुली कारभारात ते पदनाम पुढेही चालू राहिले. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातून चिटणवीस हे घराणे उदयास आले. त्यातील सर गंगाधरराव चिटणवीस हे मध्यप्रांताच्या १९२१ साली नव्याने रचलेल्या कायदे कौन्सिलाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि नागपुरातील महाल भागातील चिटणीस पार्काचे नाव सभांच्या निमित्ताने आजही बातम्यांत येते. ग्रंथालये, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळे, मजूर संघ आणि राजकीय पक्ष निघाले, तेव्हा त्यांचा पत्रव्यवहार व इतिवृत्त सांभाळणाऱ्या माणसाला मराठीने चिटणीस हेच नाव दिले. त्यातून सहचिटणीस आला, सरचिटणीस आला. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाने पदनामांचा कोश करून सरकारी खात्याच्या प्रमुखाला सचिव म्हटले, म्हणजे १६७४ ची संस्कृत पदवी पुन्हा शासनाच्या दारावर आली; लोकांनी स्वतः चालवलेल्या संस्थांत मात्र चिटणीसच राहिला.

आडनाव धारण करणारांनी तर लेखणीच्या पलीकडचीही क्षेत्रे गाठली. धारवाडला जन्मलेल्या लीला चिटणीस यांनी ‘नाट्यमन्वंतर’च्या रंगभूमीवरून चित्रपटात येऊन १९३९ च्या ‘कंगन’मध्ये नायिकेचे काम केले, आणि पुढे ‘आवारा’, ‘गाइड’ यांतील आईच्या भूमिकांनी त्यांचे नाव भारतभर पोहोचवले. ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र लिहून त्यांनी आपल्या काळाची नोंदही ठेवली. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे विक्रम साराभाईंचे सहकारी. थुंब्याच्या अग्निबाण तळाच्या उभारणीत आणि १९७५-७६ साली उपग्रहाच्या द्वारे सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याच्या प्रयोगात त्यांचा मोठा वाटा होता. या व्यक्ती एका कुळाच्या शाखा आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. एका दरखाचे नाव घेऊन समाज किती दूरवर चालत आला, एवढेच त्यांवरून दिसते.

या साऱ्या वृत्तांताचा निष्कर्ष माझ्या दृष्टीने असा. बाळाजी आवजींची स्मृती त्यांच्या सुंदर अक्षरामुळे टिकली, खंडो बल्लाळांची त्यांच्या त्यागामुळे, आणि मल्हार रामरावांची त्यांच्या ग्रंथामुळे. परंतु आज या तिघांविषयी आपण जे काही निश्चितपणे बोलू शकतो, ते समकालीन कागद उरले म्हणून, आणि जेथे कागद उरले नाहीत तेथे आपण परंपरेच्या आधाराने चाचपडतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दफ्तरे शोधीत होते, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि तेव्हापासून शेकडो घरांतील कागदांचे रुमाल उजेडात आले. तथापि अजूनही जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांची गाठोडी कसरीच्या तोंडी पडत आहेत, आणि मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. ज्यांच्या घरात फडणिशी, सबनिशी, कारखानिशी किंवा चिटणिशी होती, त्यांनी आडनावाचा अभिमान अवश्य धरावा. परंतु तो अभिमान खरा करण्याचा मार्ग एकच आहे. आपल्या घरातले कागद एखाद्या संशोधन मंडळाच्या किंवा पुराभिलेखागाराच्या स्वाधीन करावेत, त्यांतून पूर्वजांची कीर्ती निघो अथवा अपराध निघो, ते जसेच्या तसे अभ्यासकांपुढे येऊ द्यावेत, आणि घरातील एका तरी तरुण माणसाने मोडी शिकून ते वाचावेत.